ट्रॅड क्लाइंबिंगचा हार्नेस: पॅडिंग नंतर बघा, आधी लटकून बघा

हार्नेस, म्हणजे कातळ चढताना दोराला जोडून घ्यायचा कंबर-मांड्यांचा पट्टा, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पट्टा बोटांनी दाबून बघतात, जाड आणि मऊ लागला की झालं, हा कम्फर्टेबल. पण उभं राहून कंबरेला आवळला की सगळेच हार्नेस बरे वाटतात. खरा फरक कळतो तो वर तिसऱ्या पिचच्या (दोराच्या लांबीएवढ्या टप्प्याच्या) बिले स्टेशनवर, म्हणजे थांबून जोडीदाराचा दोर सांभाळायच्या जागी, जेव्हा पायाखाली जेमतेम चवडा टेकेल एवढी खाच असते, सगळं वजन अँकरवर (कातळातल्या पक्क्या आधारावर) सोडलेलं असतं, लीड करणारा, म्हणजे पुढे चढणारा, अर्धा तास झाला एकाच अवघड जागी अडकलेला असतो आणि इकडे तुमच्या मांड्यांना मुंग्या यायला लागलेल्या असतात. ट्रॅडसाठी हार्नेस बघताना हा प्रसंग डोक्यात ठेवून बघायचा. तिथे पॅडिंगच्या जाडीपेक्षा माप आणि वजनाची वाटणी कामाला येते, आणि त्यानंतर सामान कुठे आणि कसं लटकतं ते.

ज्यांना ट्रॅड म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कातळात बोल्ट आधीच मारलेले असतात, आपण डझनभर क्विकड्रॉ (आखूड पट्टीने जोडलेल्या दोन कड्या) घेऊन चढायचं आणि एक-एक बोल्ट क्लिप करत जायचं. ट्रॅडमध्ये प्रोटेक्शन आपणच लावत जायचं, म्हणजे भेगेत कॅम (पसरून घट्ट बसणारं साधन) बसव, नट (धातूची पाचर) अडकव, दगडाच्या शिंगाला स्लिंग (पट्टीचा फास) घाल, आणि मागून येणाऱ्या सेकंडने ते सगळं काढत वर यायचं. आपल्या सह्याद्रीत शुद्ध ट्रॅड तसं कमीच, कारण आपला बेसॉल्ट थराथरांचा, कुठे एकदम घट्ट तर कुठे हात लावला की तुकडा हातात येईल असा, सलग चांगली भेग सगळीकडे मिळतेच असं नाही. म्हणून इथे पूर्वीपासून पिटॉन (भेगेत ठोकायची खीळ), बोल्ट, नट, कॅम सगळं मिसळूनच चालत आलंय, आणि लीडच्या कंबरेला वरून हातोडीपण असते. वानरलिंगी असो, तैलबैल्याची भिंत असो नाहीतर लिंगाणा, आधी भरपूर चालायचं, घसाऱ्यावरून वर चढायचं, मग कुठे क्लाइंब सुरू, मग अनेक पिच आणि शेवटी रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून उतरत, खाली. हार्नेस सकाळी चढवला की संध्याकाळीच निघतो. जिममध्ये किंवा बदामीला छोट्या स्पोर्ट रूटवर चालून गेलेला हार्नेस इथे छळतो तो याच्यामुळे.

आता मुळात हार्नेस काय काम करतो ते बघू, कारण ते कळलं की निवड निम्मी सोपी होते. पूर्वी लोक सरळ कंबरेला दोर बांधून चढायचे. त्यात पडल्यावर फासळ्यांना दणका बसायचाच, पण त्याहून वाईट म्हणजे दोरावर नुसतं लटकून राहायची वेळ आली तर छाती-पोट आवळलं जाऊन काही मिनिटांतच श्वास घेणं अवघड व्हायचं. मग मांड्यांना आधार देणारे सीट हार्नेस आले. ब्रिटिश क्लाइंबर डॉन व्हिलन्सने १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण भिंतीच्या मोहिमेसाठी डिझाइन केलेला हार्नेस त्यातला गाजलेला, पुढे कितीतरी वर्षं लोकांनी तो वापरला. त्यानंतर रचना सुधारत गेली पण मूळ कल्पना तीच राहिली, कंबरेचा पट्टा तुम्हाला हार्नेसमधून निसटू देत नाही आणि लटकल्यावर वजनाचा मोठा वाटा मांड्यांचे लेग लूप उचलतात.

हा वाटा किती पडतो ते ठरतं कंबरेचा पट्टा आणि लेग लूप यांच्यातल्या उभ्या अंतरावर, ज्याला राइज म्हणतात. समोर बिले लूप नावाचं पट्टीचं मजबूत कडं या दोघांना जोडतं. झोपाळ्याची एक कडी आखूड झाली की पाट कलतो, इथेही तसंच होतं. राइज तुमच्या शरीराला लांब पडत असेल तर दोरावर बसल्यावर आधी कंबरेच्या पट्ट्यावर ताण येतो, पट्टा वर सरकत फासळ्यांपर्यंत जातो आणि श्वास कोंडल्यासारखा होतो. राइज आखूड असेल तर उलटं, आधी मांड्या उचलल्या जातात, धड मागे पडायला लागतं आणि सरळ राहण्यासाठी पोटाचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात, पाठीवर सॅक असेल तर विचारूच नका. दोन्हीत पॅडिंग कितीही जाड असू दे, फायदा नाही. म्हणून मित्राला एखादा हार्नेस एकदम मस्त वाटतो आणि तोच आपल्याला नको होतो, त्याचं धड आणि आपलं धड वेगळं आहे एवढंच. मागच्या बाजूला लेग लूपना धरून ठेवणारे दोन इलॅस्टिकचे पट्टे असतात ते वजन घेत नाहीत, लूप खाली घसरू नयेत म्हणून असतात, त्यांची लांबी थोडी कमी-जास्त करून लूप मांडीच्या योग्य जागी आणता येतात पण मूळ राइज त्याने बदलत नाही.

मापाचं बघू. कंबर मोजताना पँटचा नंबर विसरा, पँट आपण खाली नेसतो. टेप कमरेच्या दोन्ही हाडांच्या वर, साधारण बेंबीच्या पातळीला लावून मोजा, कारण पट्टा तिथेच बसायला पाहिजे. यात तडजोड नको. पट्टा हाडांच्या खाली राहिला आणि पडताना तुम्ही उलटे झालात तर शरीर हार्नेसमधून निसटू शकतं. आवळल्यावर पट्ट्याच्या आत तळहात सपाट सरकला पाहिजे पण मूठ वळून बाहेर येता कामा नये, आणि दोन्ही हातांनी खाली ओढला तर हाडांवरून उतरता कामा नये. बकलमधून बाहेर आलेलं वेबिंग (विणलेली पट्टी) निदान ७-८ सेंटिमीटर तरी शिल्लक राहू दे. समोर पॅडिंगची दोन टोकं एकमेकांवर चढत असतील तर साइझ मोठा आहे, आणि पट्टा पार शेवटपर्यंत सैल करून कसाबसा बसत असेल तर छोटा, मधल्या रेंजमध्ये बसेल असाच घ्या. लहान मुलं, गरोदर बायका, किंवा ज्यांची कंबर हाडांवर पट्टा टिकण्यासारखी नाही अशांनी नुसत्या सीट हार्नेसवर जाऊ नये, त्यांच्यासाठी फुल बॉडी हार्नेस किंवा जोडीला चेस्ट हार्नेस असतो.

लेग लूपचं लोक उगाच घट्ट करतात. ते घट्ट असायची गरज नाही, मांडीच्या अगदी वरच्या भागात सपाट हात सहज जाईल असे पाहिजेत. दुकानातच एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडे आणून बघा, लूप जांघेत रुतत असेल तर हाय स्टेप (उंच पाऊल) घेताना तो दर वेळी रुतणार. बकलवाले लूप की इलॅस्टिकचे फिक्स, यावर मतं आहेत. फिक्स हलके असतात आणि बकल मांडीला घासत नाही. पण दिवाळीत टी-शर्ट-ट्रॅक पँटवर सह्याद्रीत आणि मे महिन्यात थर्मलवर हिमालयात एकच हार्नेस वापरायचा असेल तर बकलवाले घ्या. कंबरेला एक बकल की दोन हा पण प्रश्न येतो. एकच असेल आणि तुम्ही खूप आवळलात किंवा सैल केलात तर पट्टा एका बाजूला सरकतो आणि दोन्हीकडचे गिअर लूप (सामान अडकवायची कडी) पुढे-मागे होतात. दोन बकलमध्ये, पेट्झल कंपनीच्या कोरॅक्समध्ये आहेत तसे, दोन्हीकडून सारखं ओढून बिले लूप बरोबर मध्ये ठेवता येतो. वजन घटत-वाढत असणाऱ्यांनी आणि क्लबसाठी एकच हार्नेस चार जणांत फिरवणाऱ्यांनी हेच घ्यावं असं माझं मत.

आणि आता मुख्य काम, लटकून बघणं. चांगल्या दुकानात दोर टांगलेला असतो, नसेल तर विचारा. ऑनलाइन मागवला असेल तर टॅग न काढता जवळच्या क्लाइंबिंग वॉलवर किंवा क्लबमध्ये जाऊन तिथल्या जाणत्या माणसासमोर टॉप रोपवर, म्हणजे वरून आलेल्या दोरावर, लटका (घरात पंख्याच्या हुकाला अजिबात नको, त्याचा भरवसा नाही). दोन मिनिटांत काही कळत नाही, निदान दहा मिनिटं काढा. पहिल्या मिनिटाला जिथे टोचतं ते बहुतेक वेळा कपड्याची शिवण, खिशातली किल्ली किंवा नीट न बसलेला लूप असतो, तो सारखा करा. पाचव्या मिनिटानंतर जे दुखायला लागतं ते खरं. मांडीच्या आतल्या बाजूला एका रेषेत दुखतंय म्हणजे लूपची कड रुततेय. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात बधिरपणा येतोय म्हणजे जांघेजवळून जाणारी नस दाबली जातेय, हा हार्नेस ठेवून द्या. कमरेच्या मागे दोन्ही बाजूला पट्टा खुपतोय म्हणजे मागची रुंदी किंवा आकार तुमच्या पाठीला जुळत नाही. मग दोन्ही बाजूच्या गिअर लूपना मिळून चार-पाच किलो वजन अडकवा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतील, आणि परत लटका, मग उतरून चाला, जिने चढा. रिकामा हार्नेस आणि भरलेला हार्नेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रॅडवाल्याचा हार्नेस कधीच रिकामा नसतो.

पॅडिंगबद्दल आता बोलू. जुन्या पद्धतीच्या हार्नेसमध्ये मधोमध एक वेबिंगची पट्टी आणि भोवती फोम असतो. भार घेते ती पट्टी, फोम फक्त तो पसरवायचं काम करतो, आणि वर्षा-दोन वर्षात दबला की ते कामही नीट करत नाही. नवीन रचनांमध्ये ती पट्टीच दोन भागात फोडून वरच्या आणि खालच्या कडेला नेतात, किंवा आर्कटेरिक्स कंपनीने केलं तसं भार घेणारे धागेच पट्ट्याच्या पूर्ण रुंदीभर पसरवतात. अशा हार्नेसला फोम जवळपास नसला तरी दाब सारखा पसरतो. म्हणून पातळ दिसतोय म्हणून लगेच बाजूला टाकू नका. शिवाय आपल्याकडचं हवामान बघा, ऑक्टोबरच्या उन्हात जाड फोम घामाने भिजतो, मिठाने कडक होतो आणि कमरेला साल निघेपर्यंत घासतो. आतल्या बाजूला जाळीचं, हवा खेळणारं कापड आणि मऊ गुंडाळलेल्या कडा, या दोन गोष्टी मी जाडीपेक्षा वर ठेवीन. पण हेही खरं की एकदम फाटक्या वजनाचा ३०० ग्रॅमच्या आसपासचा स्पोर्ट हार्नेस ट्रॅडला नको, पट्टा इतका लवचिक असतो की सामान अडकवलं की तो खाली वाकतो. साधारण ४०० ते ५५० ग्रॅममध्ये चांगले ट्रॅड हार्नेस मिळतात. त्याच्याही वरचे बिग वॉलचे, दिवसच्या दिवस दोरावर राहणाऱ्यांसाठी, ते चालायला आणि चढायला अवजड.

सामानाचा हिशोब करून बघा म्हणजे पट्टा थोडा ताठ का पाहिजे ते लक्षात येईल. मधल्या मापाचा एक कॅम १०० ते १३० ग्रॅम, त्याला कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) वेगळा. असे सात-आठ, नटचे एक-दोन सेट, दहा-बारा क्विकड्रॉ आणि लांब स्लिंग, लॉकिंग कॅराबिनर, बिले डिव्हाइस, प्रुसिक (दोराला पकडणारा बारीक दोरीचा फास), नट की (अडकलेले नट काढायचा आकडा), आणि आपल्याकडे हातोडी-पिटॉन, चार-पाच किलो सहज होतात. हे सगळं खाली ओढत असतं. पट्टा लुळा असेल तर तो हाडांवर घसरतो, मग माणूस दर पिचला परत आवळतो, मग पोट दाबलं जातं, आणि दुपारपर्यंत वैतागून जातो.

गिअर लूप किमान चार हवेत, मागे जास्तीचा पाचवा असेल तर उत्तम. पुढचे दोन महत्त्वाचे, कारण लीड करताना एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हाताने, बऱ्याचदा न बघता, तुम्ही तिथूनच कॅम काढणार असता. हे लूप ताठ नळीचे आणि बाहेर उचललेले पाहिजेत. मऊ, अंगाला चिकटलेल्या लूपमधून कॅराबिनर काढताना किती जीव जातो ते पाय थरथरायला लागल्यावरच कळतं. हार्नेस घालून डोळे मिटा आणि डाव्या-उजव्या हाताने चारही लूपमध्ये कॅराबिनर अडकवून-काढून बघा, मागचे दोन जर पार पाठीवर गेले असतील तर ते तुमच्या कामाचे नाहीत. पुढे कॅम-नट, मागे स्लिंग आणि अँकरचं सामान, ही बहुतेकांची मांडणी असते, तुमची वेगळी असेल तरी हरकत नाही पण दर वेळी तीच ठेवा म्हणजे हात आपोआप जातो.

चिमणीत शिरायचं असेल तर ही सगळी मांडणी बदलते. दोन भिंतींच्या मध्ये पाठ एकीकडे, पाय दुसरीकडे असे सरकताना कमरेवरचं सामान कातळात अडकतं, मागचे लूप घासून फाटतात आणि एखादा कॅम भेगेत असा रुततो की खाली ओढल्यासारखं होतं. तिथे बरेच जण सगळं सामान काढून एका स्लिंगवर घेतात आणि ते खांद्यावर किंवा खाली पायांमध्ये लोंबतं सोडतात. कोपऱ्याची चढाई असेल, म्हणजे डावी बाजू भिंतीला घासत जाणार असेल, तर सामान उजव्या लूपवर घ्यायचं. खांद्यावरची गिअर स्लिंग ही जुनी पद्धत अजूनही कामाची आहे, कंबरेचा भार एकदम कमी होतो, फक्त पुढे वाकलं की ती झुलून पायासमोर येते.

गिअर लूप हे फक्त सामानासाठी असतात हे मात्र कोरून ठेवा. बहुतेक कंपन्या त्यांना ५ किंवा १० किलोच्या आसपासचीच मर्यादा देतात. मेटोलिअससारखे मजबूत, रेटेड लूप देणारे अपवाद आहेत, पण थकलेल्या माणसाने अंधारात सेल्फ अँकर (स्वतःला अँकरशी जोडणारी स्लिंग) चुकून गिअर लूपला लावला तर काय होईल याचा विचार करा. मागचा छोटा हॉल लूपपण बऱ्याच हार्नेसवर दुसरा दोर ओढत न्यायला असतो, माणसाचं वजन घ्यायला नाही.

सॅकचं कुणी आधी सांगत नाही. सह्याद्रीत सेकंडच्या पाठीवर पाणी, खाणं, बूट असलेली सॅक असतेच, आणि तिचा कमरेचा पट्टा बरोबर हार्नेसच्या पट्ट्यावर आणि गिअर लूपवर येऊन बसतो. म्हणून हार्नेस ट्राय करताना आपली नेहमीची सॅक पाठीवर घेऊन बघा, जमत असेल तर सॅकचा कमरपट्टा काढून टाका किंवा मागे बांधून ठेवा.

बायकांचे हार्नेस म्हणून जे वेगळे येतात त्यात राइज साधारण जास्त असते आणि कंबरेच्या मानाने लेग लूप मोठे असतात. पण लेबल बघून ठरवू नका, शरीर बघून ठरवा, पुरुषांनाही तो कट बरा बसू शकतो आणि उलटही. मुलींनी मात्र एक गोष्ट बघून घ्याच, मागचे इलॅस्टिक पट्टे क्लिपने सुटतात का आणि एका हाताने परत लागतात का. दिवसभराच्या मल्टिपिचवर लघवीला जायची वेळ येणारच, त्यासाठी पाणी कमी पिणं हा उपाय नाही, उन्हात तो धोकाच आहे. पट्टे सोडून लेग लूप खाली करता येतात आणि कंबरेचा पट्टा, दोर, अँकर सगळं जागच्या जागी राहतं.

कितीही चांगला हार्नेस असला तरी हँगिंग बिलेवर किंवा कोकणकड्यासारख्या ठिकाणी हवेत लोंबत्या लांब रॅपलवर पाय अवघडणारच. अँकरला थोडं आखूड अडकवून घ्या, पाय भिंतीला लावून वजन इकडून तिकडे करत राहा, एक लांब स्लिंग अँकरला लावून तिच्या फासात पाऊल ठेवून मधूनमधून उभे राहा. हालचाल न करता बराच वेळ लटकलेल्या माणसाचं पायातलं रक्त वर यायला अडतं आणि त्याची शुद्ध जाऊ शकते, म्हणून जोडीदार गप्प झाला तर हाक मारून पाय हलवायला लावा.

खरेदीच्या वेळी लेबलवर ईएन १२२७७ आणि टाइप सी असं लिहिलेलं बघा, सीट हार्नेससाठीचा तो युरोपियन दर्जा आहे, यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा १०५ नंबरचा दर्जाही त्याच प्रकारचा. चाचणीत असा हार्नेस १५ किलोन्यूटनचा (साधारण दीड टन वजनाएवढा) ताण सहन करतो. हार्डवेअरच्या दुकानात बांधकामासाठी मिळणारे सेफ्टी बेल्ट स्वस्त पडतात म्हणून काही ग्रुप ते घेतात, ते करू नका, त्यांचा पाठीवरचा डी रिंग वेगळ्या कामासाठी आहे. सेकंडहँड, इतिहास माहीत नसलेला हार्नेसही नको.

घेतल्यावर दोर बांधायचा तो वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टाय-इन पॉइंटमधून (दोर ओवायच्या जागांमधून), बिले लूप जिथून जातो त्याच वाटेने. बिले लूप बिले आणि रॅपलसाठी. सेल्फ अँकरची स्लिंग बिले लूपला कायमची गाठ मारून ठेवायची सवय असेल तर मोडा. २००६ मध्ये टॉड स्किनर हा नावाजलेला अमेरिकन क्लाइंबर योसेमिटीत लीनिंग टॉवरवरून रॅपल करताना गेला तो झिजलेला बिले लूप तुटल्यामुळे. स्लिंग एकाच जागी घासत राहिली की तेवढाच भाग झिजतो आणि गाठीखाली ते दिसतही नाही. बऱ्याच हार्नेसमध्ये टाय-इन पॉइंटवर वेगळ्या रंगाचा थर आत शिवलेला असतो, वरचं कापड झिजून तो रंग दिसला की हार्नेस संपला.

आपल्याकडची लाल माती, घाम आणि पावसाळ्यातली बुरशी तिन्ही नायलॉनला त्रास देतात. मोहिमेवरून आल्यावर कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि गाडीच्या डिकीत, बॅटरीच्या आसपास कधीच ठेवू नका, अ‍ॅसिडची वाफसुद्धा नायलॉन खाते आणि बाहेरून काही कळत नाही. अजिबात न वापरलेला असला तरी कंपन्या साधारण १० वर्षांवर ठेवू नका सांगतात, आणि दर वीकेंडला कातळावर जाणाऱ्याचा त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. बाद झाला की कात्रीने बिले लूप आणि पट्टा कापूनच टाकून द्या, नाहीतर कुणीतरी नवशिका उचलून घालतो.